घड्याळ लावून घ्यावे अशी पेढी : मदुराईच्या टीव्हीएसची वाटचाल

मोटारी विकणे आणि दुरुस्त करणे यावर ज्यांचे पोट आहे, अशा आपल्या मंडळींच्या या महोत्सवी स्मरणिकेत मदुराईच्या एका जुन्या पेढीचा इतिहास यावा, असा आग्रह समितीतल्या ज्येष्ठांनी धरला. तो मला मनापासून पटला. टीव्हीएस हे नाव आपल्याकडे घरोघर पोचले ते मोपेडमुळे. दूधवाल्याच्या किटल्या, भाजीच्या पाट्या, मागच्या सीटवर बसलेले शाळकरी पोर अशी त्या नावाची चित्रे आपल्या डोळ्यांसमोर येतात. दक्षिणेत मात्र या नावाची ओळख त्याहून कितीतरी जुनी आहे. तिथे ते मोटारींच्या एजन्सीचे, वर्कशॉपचे आणि सगळ्यांत आधी वेळेवर सुटणाऱ्या बसचे नाव होते. ‘टीव्हीएसचा माणूस’ म्हटले की कामात चोख, हिशोबात स्वच्छ आणि वेळेला पक्का, असे लोक गृहीतच धरत.

ही शिस्त आली कुठून, याचा माग काढत गेले की उत्तर शोरूममध्ये सापडत नाही, रस्त्यावर सापडते. ही पेढी गाड्या विकण्याच्या आधी गाड्या चालवत होती. तिच्या पुढच्या साऱ्या इतिहासाचे मूळ मला या एका गोष्टीत दिसते.

१९११ ते १९२० : तंजावरची सडक

तिरुक्कुरुंगुडी वेंगाराम सुंदरम अय्यंगार यांचा जन्म १८७७ चा, तिरुनेलवेली जिल्ह्यातल्या तिरुक्कुरुंगुडीचा. त्यांच्या नावातल्या पहिल्या तीन शब्दांची आद्याक्षरे पुढे पेढीची खूण झाली. त्यांनी आधी वकिलीत पाऊल टाकले, मग रेल्वेत नोकरी केली, मग बँकेत. या वाटा सोडून १९११ मध्ये त्यांनी मदुराईच्या ‘टी. व्ही. सुंदरम अय्यंगार अँड सन्स’ची स्थापना केली. तेव्हा त्यांचे वय चौतिशीचे होते. घरात मुलेबाळे, हातात पगाराची नोकरी, आणि मोटार म्हणजे राजेरजवाड्यांचा नि गोऱ्या साहेबांचा शौक, असा तो काळ. रेल्वेतली नोकरी मात्र वाया गेली नसावी. गाडी ठरल्या मिनिटाला सुटते म्हणजे काय आणि त्यासाठी किती जणांनी आपापले काम आधीच उरकलेले असावे लागते, हे रेल्वेइतके दुसरे कोण शिकवणार?

१९१२ मध्ये तंजावर ते पुदुकोट्टई ही त्यांची बस सुरू झाली. तंजावर म्हटले की मराठी माणसाला व्यंकोजीराजे आठवतात, सरफोजीराजांचा सरस्वती महाल आठवतो. मराठ्यांचे ते राज्य १८५५ मध्ये संपले. त्यानंतर जेमतेम सत्तावन्न वर्षांनी त्याच गावातून ही मोटार निघू लागली. पलीकडचे पुदुकोट्टई हे तोंडैमान राजांचे संस्थान. रेल्वे अजून तिथवर पोचली नव्हती. सुमारे साठ किलोमीटरचा रस्ता आणि त्यावर बैलगाड्यांची रहदारी. ज्याला निकड होती तोही बैलाच्या चालीनेच जाई.

आपल्याकडेही १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर एस.टी. धावण्याआधी ‘सर्व्हिस मोटारी’ होत्या. त्या कधी सुटत? भरल्या की. क्लीनर ओरडून ओरडून माणसे गोळा करी, आणि आधी येऊन बसलेला प्रवासी घामाने निथळत वाट पाही. सुंदरम अय्यंगारांनी ही रीत मोडली आणि वेळ ठरवून दिली. ती वेळ पाळायची म्हणजे कमी उतारूंवर निघण्याचीही तयारी ठेवायची. ते नुकसान सोसायला छाती लागते. त्यांच्या बस जाताना पाहून लोक आपली घड्याळे लावून घेत, असे तमिळनाडूत आजही सांगतात. एखाद्या धंद्याला याहून मोठे प्रशस्तिपत्र मिळत असेल असे मला वाटत नाही.

या वेळ पाळण्याकडे जरा जवळून पाहू. सकाळी सहाला गाडी सोडायची तर त्याच्या कितीतरी आधी रेडिएटरमध्ये पाणी भरलेले हवे, टायरांतली हवा पाहिलेली हवी, ऑइल तपासलेले हवे. तेव्हाचे इंजिन बटणावर सुरू होत नसे, पुढून हँडल मारावे लागे. यातले एक काम राहिले की सहाचे सव्वासहा होत. आणि एकदा गाडी गावाबाहेर पडली की ड्रायव्हर-कंडक्टर या दोघांवर कोणाची नजर असणार? मालक मैलोगणती दूर, फोनची सोय नाही. तिकिटाचे पैसे कंडक्टरच्या पिशवीत, गाडी ड्रायव्हरच्या हातात. पहारा ठेवून हा धंदा चालणे शक्यच नव्हते. माणसाने स्वतःच स्वतःवर लक्ष ठेवले तरच तो चालणार होता. वेळ मात्र उघडपणे जाहीर केलेली होती, त्यामुळे चूक झाली तर ती मालकाच्या आधी रस्त्याकडेला उभ्या असलेल्या उतारूला दिसे. टीव्हीएसच्या नोकरांची स्वयंशिस्त अशी घडली. ती नियमांच्या पुस्तकातून आलेली नव्हती.

खिळ्यांची गोष्टही या काळाच्या संदर्भात नेहमी सांगितली जाते. कच्च्या सडकेवर बैलांच्या आणि घोड्यांच्या नालांचे खिळे गळून पडत. त्या वेळचे टायर नाजूक, आणि पंक्चर काढायचे म्हणजे चाक उतरवा, टायर पाट्याने उचका, ट्यूब बाहेर काढा, ठिगळ लावा, हातपंपाने हवा भरा. उतारू झाडाखाली बसून राहणार आणि पुढच्या साऱ्या वेळा कोलमडणार. यावर सुंदरम अय्यंगारांनी लोहचुंबक बसवलेले वाहन रस्त्यावरून फिरवून हे खिळे वेचून घेण्याची व्यवस्था केली. रस्ता सरकारचा, खिळे दुसऱ्याच्या बैलांचे, पण वेळ आपली. तेव्हा खिळेही आपणच उचलायचे. ‘हे आमचे काम नाही’ असे म्हणायची सवय या पेढीला पहिल्यापासून नव्हती.

१९२० ते १९४० : विकणारा आधी चालवणारा

या वीस वर्षांत बसचा पसारा वाढला, मालमोटारी आल्या आणि त्यांच्याच जोडीने गाड्या विकण्याचे काम सुरू झाले. १९२९ मध्ये पेढीची रीतसर कंपनी म्हणून नोंदणी झाली. त्याच्या आदल्या वर्षी, १९२८ मध्ये, जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला मोटारी जोडण्याचा कारखाना काढला होता. सुटे भाग बोटीने परदेशातून येत, शिवडीला त्यांची गाडी होई आणि तिथून ती देशभरातल्या विक्रेत्यांकडे जाई. पुढे टीव्हीएस जनरल मोटर्सची देशातली सर्वांत मोठी वितरक ठरली. मुंबईच्या खाडीकाठी मराठी कामगारांच्या हातून निघालेली गाडी मदुराईत या मंडळींच्या हातून गिऱ्हाइकाला मिळत होती. आपल्या व्यवसायाचे आणि त्या पेढीचे हे जुने नाते आपण विसरलो आहोत.

त्या काळी मोटारींच्या एजन्सी बहुतेक मोठ्या बंदरांच्या गावी आणि बड्या कंपन्यांकडे असत. मदुराई हे मंदिराचे, विणकरांचे, मोगऱ्याच्या बाजाराचे गाव. इथे बसलेल्या विक्रेत्याजवळ दुसऱ्या कोणाकडे नसलेली एक गोष्ट होती. तो विकत असलेल्या वाहनांसारखीच वाहने त्याची स्वतःची माणसे रोज पळवत होती. कोणत्या रस्त्यावर स्प्रिंगचे पाटे तुटतात, उन्हाळ्यात कोणत्या चढावर पाणी उकळते, कोणता भाग किती चालून झिजतो, हे त्याला छापील पुस्तकात पाहावे लागत नव्हते. गिऱ्हाइकाची गाडी दुरुस्तीला आली की ती पाहणाऱ्या मिस्त्रीच्या गाठीशी रोजच्या बसचा अनुभव असे. आपल्या गाडीचा नट ढिला राहिला तर उद्या आपलीच गाडी रस्त्यात उभी राहील, हा धाक ज्याने घेतला आहे, तो गिऱ्हाइकाचा नटही तितकाच आवळतो.

गॅरेजमध्ये हात काळे केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे की खरी परीक्षा कोणी पाहत नसते तेव्हाच्या कामाची असते. गाडीखाली उताणे पडून केलेल्या कामाला साक्षीदार नसतो. ग्रीस भरले की नाही, कॉटर पिन नवी घातली की जुनीच वाकवून बसवली, हे गिऱ्हाइकाला कळत नाही. महिन्याभराने घाटात कळते. टीव्हीएसच्या एजन्सीने नाव कमावले ते या न दिसणाऱ्या कामावर. विकून झाले म्हणजे संबंध संपला असे न मानता सुटा भाग पुरवणे, दुरुस्ती करणे, गाडी पुन्हा रस्त्यावर आणून देणे हा विक्रीचाच भाग मानला गेला. आज ज्याला ‘आफ्टर सेल्स’ म्हणतात, त्याचे नाव ठरण्याआधीच ते काम मदुराईत होत होते.

मालकाचे मुलगेही याच रस्त्यावर आणि याच वर्कशॉपमध्ये तयार झाले. टी. एस. राजम, टी. एस. संथानम, टी. एस. श्रीनिवासन आणि टी. एस. कृष्ण या चौघांनी पुढे हा संसार वाढवला. त्यांच्याबरोबर ड्रायव्हर, कंडक्टर, क्लीनर, मिस्त्री, कारकून, भांडारपाल अशी शेकडो माणसे होती. त्यांची नावे कुठल्या भिंतीवर कोरलेली नाहीत. पेढी उभी राहिली ती त्यांच्या मनगटावर, हे या इतिहासात स्पष्ट नोंदले पाहिजे.

१९४० चे दशक : कोळशावरची मोटार

दुसऱ्या महायुद्धाने पेट्रोल आटले. १९४१ पासून देशात पेट्रोलची शिधावाटप पद्धत आली, टायर मिळेनासे झाले, नव्या गाड्या येणे बंद झाले. गाड्या विकणाऱ्या पेढीकडे विकायला गाडी नाही आणि बस चालवणाऱ्याकडे तेल नाही. अनेकांनी कुलपे लावली असती. मदुराईत ‘टीव्हीएस गॅस प्लँट’ तयार झाला.

आपल्या आजोबांच्या पिढीने महाराष्ट्रातही अशा कोळशाच्या मोटारी पाहिल्या होत्या. गाडीला लोखंडी टाकी बसवायची, तिच्यात लोणारी कोळसा भरायचा, तो पेटवायचा आणि हवा मोजकीच द्यायची. कोळसा पुरता जळत नाही आणि ज्वलनशील वायू तयार होतो. तो गाळून, थंड करून इंजिनात सोडायचा. सांगायला सोपे, करायला फार कष्टाचे. टाकी पेटून वायू धरायला वेळ लागे, म्हणून सहाच्या गाडीसाठी माणूस आणखी लवकर उठे. वायू विषारी, तेव्हा सांधे तपासून घ्यायचे. राख आणि चिकटलेला खंगर रोज खरवडून काढायचा. गाळणी चोंदली की इंजिन दमले. पेट्रोलच्या मानाने ताकद बरीच कमी, त्यामुळे चढावर गाडी रडतखडत चढे. राखेने तोंड माखलेला क्लीनर, भल्या पहाटे पंखा फिरवून कोळसा फुलवणारा, हे या दशकातले पेढीचे खरे चित्र आहे. तेल नव्हते, पण बस बंद पडू द्यायची नाही, ही जिद्द त्या क्लीनरचीही होती. हुकुमावर असे काम वर्षानुवर्षे होत नाही.

याच विचारातून टायर रिमोल्ड करण्याचा कारखाना निघाला. गुळगुळीत झालेला टायर फेकून न देता त्याची वरची कातडी घासून काढायची, नवा रबराचा पट्टा चढवायचा आणि साच्यात वाफेच्या उष्णतेने पक्का करायचा. घासणी नीट झाली नाही तर पट्टा धावत्या गाडीत सुटतो. म्हणजे इथेही काम तेच, डोळ्यांना न दिसणाऱ्या थरात प्रामाणिकपणा ठेवण्याचे. मद्रास ऑटो सर्व्हिस आणि सुंदरम मोटर्स या कंपन्यांनी विक्रीचे आणि सुट्या भागांचे जाळे मद्रासपर्यंत आणि त्याही पलीकडे नेले.

या दशकातली एक घरगुती गोष्ट मला पेढीच्या इतिहासाबाहेरची वाटत नाही. सुंदरम अय्यंगारांची मुलगी सौंदरम लहान वयात विधवा झाली. त्या काळच्या सनातनी घरात तिचे आयुष्य तिथेच थांबले असते. ती दिल्लीला लेडी हार्डिंग कॉलेजात शिकून डॉक्टर झाली, १९४० मध्ये गांधीजींच्या आशीर्वादाने जी. रामचंद्रन यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला, आणि १९४७ मध्ये या पतिपत्नींनी दिंडुक्कलजवळ गांधीग्राम उभे केले. पुढे डॉ. सौंदरम केंद्रात उपमंत्रीही झाल्या. ज्या घराने काम आणि शिक्षण यांना इतके मानले, त्या घरच्या पेढीत नोकरांच्या मुलांच्या शाळेचा विचार पुढे झाला, याचे नवल वाटत नाही.

१९५० चे दशक : एक पान उलटले

स्वातंत्र्यानंतर सरकारचे धोरण बदलले. नुसते सुटे भाग आणून गाड्या जोडणाऱ्या परदेशी कंपन्यांना इथे जागा उरली नाही, भाग इथेच बनवणाऱ्यांना प्रोत्साहन मिळाले. १९५४ मध्ये जनरल मोटर्सने शिवडीचा कारखाना बंद केला. ज्या एजन्सीवर पेढीचे नाव झाले होते, तिचा आधार गेला. नेमक्या त्याच वर्षी मद्रासमध्ये टी. एस. संथानम यांच्या पुढाकाराने सुंदरम फायनान्स सुरू झाली. मालमोटार घेऊ पाहणाऱ्याकडे एकरकमी पैसे नसत आणि बँका त्याला दारात उभे करत नसत. गाडी चालवून जगणाऱ्या माणसाची पत काय असते, हे या पेढीला चाळीस वर्षांच्या अनुभवाने कळले होते. मद्रासच्याच अशोक लेलँडच्या वाहनांची विक्री आणि देखभालही पेढीकडे आली.

१९५५ मध्ये सुंदरम अय्यंगारांचे निधन झाले. तोवर सारा कारभार मुलांकडे सोपवून ते बाजूला झालेले होते. मालकाने वेळेवर उठावे, हीदेखील वक्तशीरपणाचीच बाब आहे, आणि ती फार थोड्यांना जमते.

१९६० ते १९८० : पाडीचे कारखाने, मदुराईचे घर

पुढची वीस वर्षे कारखान्यांची. व्हील्स इंडिया, लुकास-टीव्हीएस, ब्रेक्स इंडिया, सुंदरम क्लेटन, सुंदरम फासनर्स ही नावे १९६० च्या दशकात एकापाठोपाठ एक आली. यांतली बरीचशी मद्रासच्या पाडी भागात उभी राहिली. चाक, ब्रेक, स्टार्टर, नटबोल्ट. पन्नास वर्षे जे भाग विकले आणि बदलले, ते आता स्वतः बनवायचे. आपल्या दुकानांच्या फळ्यांवर हे खोके तेव्हापासून आहेत, त्यामुळे त्याविषयी अधिक सांगण्याची गरज नाही.

मदुराईत मात्र माणसांचे घर बांधले जात होते. टीव्हीएस नगर ही वसाहत, पेढीच्या नावाच्या शाळा, कामाच्या जागी जेवणाची सोय, यांमुळे नोकरीला घरोब्याचे रूप आले. बापाच्या मागे मुलगा, काकाच्या मागे पुतण्या असे एकाच घरातले लोक पिढ्यान्‌पिढ्या इथे लागले. बाहेरून आलेल्या माणसाला शिस्त शिकवावी लागते, इथे ती मुलाला जेवणाच्या पाटावर ऐकायला मिळे. आज गाडी दोन मिनिटे उशिरा निघाली, याची खंत घरी बोलून दाखवणारा बाप ज्याने पाहिला, त्याला वेगळे प्रशिक्षण काय द्यायचे? एवढ्या मोठ्या पसाऱ्यात मतभेद झाले असतीलच. मालक आणि कामगार दोघांनी मिळून त्यांतून वाट काढली आणि काम चालू ठेवले, एवढी नोंद पुरेशी आहे.

१९७२ मध्ये मोठा बदल झाला. तमिळनाडू सरकारने पेढीची बस वाहतूक ताब्यात घेतली आणि मदुराईला पांडियन रोडवेज हे महामंडळ सुरू झाले. साठ वर्षांपूर्वी ज्या बसने सुरुवात केली, ती पेढीच्या हातून गेली. मदुराईची जुनी माणसे त्या बसबद्दल अजूनही घरच्या माणसाबद्दल बोलावे तसे बोलतात.

१९८० ते २००० : झाकण

१९८० मध्ये होसूरच्या कारखान्यातून टीव्हीएस ५० निघाली, दोघांना बसता येईल अशी मोपेड. पुण्याची लूना आपल्याकडे आधीपासून धावत होतीच. या दोघींनी मिळून महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत किती संसार वाहिले, याचा हिशोब कोण ठेवणार!

याच काळात सुंदरम क्लेटनने जपानी तज्ज्ञांच्या मार्गदर्शनाखाली संपूर्ण गुणवत्ता व्यवस्थापनाचे काम हाती घेतले आणि १९९८ मध्ये तिच्या ब्रेक विभागाला डेमिंग पारितोषिक मिळाले. भारतातले ते पहिले. आपले काम आपणच तपासायचे, चूक पुढच्याच्या हाती जाऊ द्यायची नाही, हे त्या पद्धतीचे सूत्र. पाडीतल्या जुन्या कामगारांना ते शब्द नवे वाटले असतील, सवय नवी वाटली नसावी.

सुंदरम फासनर्सची गोष्ट मला सगळ्यांत जवळची वाटते. जनरल मोटर्सचा इंग्लंडमधला रेडिएटरची झाकणे बनवणारा विभाग बंद व्हायचा होता. त्याची यंत्रे १९९० च्या दशकात या कंपनीने विकत घेऊन मद्रासला आणली, आणि तिथून उत्तर अमेरिकेत जनरल मोटर्सला झाकणे पुरवू लागली. त्या कामासाठी जनरल मोटर्सने सलग पाच वर्षे उत्कृष्ट पुरवठादाराचा मान तिला दिला. झाकण म्हणजे हाताच्या तळव्यात मावेल एवढी वस्तू. त्यातली स्प्रिंग ठरावीक दाबाला उघडली पाहिजे, आधी नाही आणि नंतरही नाही. ज्या कंपनीच्या गाड्या विकत पेढीने नाव कमावले, तिच्याच गाड्यांचे पाणी आता मद्रासच्या कामगारांनी बसवलेल्या स्प्रिंगवर टिकत होते.

आज

चार भावांच्या चार शाखांनी २०२० नंतर सामोपचाराने आपापली मालकी आखून घेतली आणि जो तो आपापला उद्योग पाहत आहे. वाहनांची विक्री, देखभाल आणि सुट्या भागांचे वितरण ही पेढीची जुनी कामे नव्या रूपात चालू आहेत. इलेक्ट्रिक गाड्यांना ना रेडिएटरचे जुने झाकण लागते ना हँडल, आणि मिस्त्रीच्या हातात पान्याबरोबर आता लॅपटॉपही असतो.

मदुराईच्या वेस्ट वेली स्ट्रीटवर, रेल्वे स्टेशनच्या जवळ, टीव्हीएस बिल्डिंग उभी आहे. वेली म्हणजे जुन्या तटाच्या बाहेरची बाजू. तट केव्हाच गेला, तिथे रस्ता झाला, आणि त्या रस्त्यावरून सरकारी बस दिवसभर ये-जा करतात. आपल्यापैकी कोणी मीनाक्षीच्या दर्शनाला गेले तर स्टेशनातून बाहेर पडल्यावर पाच-दहा मिनिटे त्या इमारतीसमोर उभे राहावे. पहिल्या पिढीतल्या त्या क्लीनरपैकी एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही, पण ते अंधारात उठून रेडिएटरमध्ये पाणी भरायला निघत, ते याच पेढीसाठी.